हणमंतवाडी, जिल्हा बिदर

शरणम्मा टँकरच्या रांगेत उभी होती, तेवढ्या वेळात तिचा सासरा घरातून निघून गेला.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन ती परतली तर दार सताड उघडं. बाज रिकामी. उशाशी टेकवलेली काठी नाही, खुंटीवरचं धुतलेलं धोतर नाही. चपला मात्र जागेवर. तिनं कळशी खाली ठेवली, न्हाणीत डोकावली, मागचा बोळ पाहिला आणि शेजारच्या रत्नम्माला हाक मारली.

"मामाला बघितलाव का?"

"मघाशी दारात हुबे व्हते की. म्या म्हनलं कुठं निघालाव, तर म्हनले आंघोळीला."

"आंघोळीला कुठं?"

"आडावर."

त्या गल्लीत आड नव्हता. अख्ख्या पेठेत जे दोन-तीन होते त्यांचा तळ फाल्गुनातच दिसला होता, आणि आता वैशाख चालू होता.

तिच्या सासऱ्यांनी, गुरुपादप्पांनी, पंचाहत्तरी कधीच ओलांडली होती. निलंगा तालुक्यातल्या हणमंतवाडीत त्यांनी जन्मभर किराण्याचं दुकान चालवलं. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून नोकरदार आले. नोकरदारांना साखर-चहापत्ती लागतेच, हे ओळखून त्यांचा मुलगा पंचाक्षरी दुकान उचलून लातूरला आला. बापाला मागे ठेवण्यासारखं नव्हतं. म्हाताऱ्याची आठवण तोवर विस्कटायला लागली होती. कालचं आज विसरायचे, पन्नास वर्षांपूर्वीचं मात्र तोंडपाठ.

त्यांना सांभाळण्याचं काम शरणम्माकडं आलं. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं, ते येणारच होतं. सकाळी उठल्याबरोबर ती त्यांना उभं राहू द्यायची नाही. आधी बाजेवर बसवायची, भोवळ येत नाही हे बघायची, मग हात द्यायची. न्हाणीतल्या गुळगुळीत फरशीवर तिनं पोतं अंथरलं होतं. भाकरी दुधात कुस्करून द्यायची, रोज संध्याकाळी त्यांचे घोटे दाबून सूज बघायची. एवढ्या वर्षांत म्हातारा एकदाही पडला नव्हता. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण न पडलेला माणूस कुणाच्या लक्षात येत नाही.

नवरा-बायकोचा खटका एकाच गोष्टीवर उडायचा. पंचाक्षरी म्हणायचा, बाहेर जाताना कडी घालत जा. शरणम्मा घालत नसे. माहेरी तिच्या आत्याला असंच कोंडून ठेवत, आणि आत्यानं दारावर कपाळ फोडून घेतलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं.

त्या सकाळी टँकर उशिरा आला. रात्रीचं पाणी संपलेलं. गुरुपादप्पा लिंगायत घरातले, नेमाचे माणूस. आधी आंघोळ, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, पूजेचं तीर्थ, आणि त्यानंतर पाणी, चहा, भाकरी. बाकी सगळं विसरलं तरी हा क्रम ते विसरले नव्हते. पाणी कमी पडायला लागल्यावर शरणम्मानं स्वतःची आंघोळ आठवड्यावर नेली होती, त्यांची दोन तांब्यांवर आणली होती, पण ती चुकवली नव्हती. आज चुकली. आणि घरात पाणी नाही म्हणून म्हातारा पाणी असलेल्या जागी, म्हणजे त्यांच्या डोक्यात अजून भरून असलेल्या गावच्या आडावर निघाला होता.

ते हरवले याचं भय तिला होतंच. पण त्याहून मोठं भय दुसरं होतं. काल रात्रीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि वाटेत कुणी दिलं तरी ते घेणार नव्हते.

ती तशीच दुकानावर धावली. पंचाक्षरी गिऱ्हाइकाला डाळ मोजत होता.

"मामा गेले."

त्याच्या हातातलं माप तसंच राहिलं. "गेले म्हंजे?"

"निघून गेले. आंघोळीला."

"कडी घातली नव्हतीस."

"न्हाई."

"शंभरदा सांगितलं तुला! आता कुठं हुडकू? ह्या उन्हात?"

"मागनं मला काय बोलायचं ते बोला. आधी तळ्याकडं जाऊन बघा. जिथं पानी हाय असं वाटंल तिथं बघा. मी स्टँडावर जाते."

"स्टँडावर कशाला?"

"गावाकडं जायाला."

बसस्टँडच्या फाटकाशी चांदपाशाचा सोडा-लिंबूचा गाडा होता. त्याच्या आजोबापासून ती जागा त्यांची. शरणम्मानं वर्णन सांगायला सुरुवात केली, तर त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"गळ्यात चांदीची डबी? नंगे पाँव? अनवाणीच की! हाव भाभी, म्याच बसवलं की बाबांना गाडीत!" चांगलं काम केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "हणमंतवाडीला जायचं म्हनत व्हते. म्या म्हनलं, बाबा, हणमंतवाड्या छप्पन हायत, जिल्हा सांगा. फटकन म्हनले, जिल्हा बिदर. बोलनं बी निम्मं कानडी. बिदरची गाडी लागल्यालीच व्हती. कंडक्टर आपल्या वळखीचा. त्येला सांगितलं, बाबांना बिदरला नीट उतरव, तिथनं पुढं हणमंतवाडीला लावून दे."

शरणम्मानं कपाळाला हात लावला. म्हातारा खोटं बोलला नव्हता. निजामाच्या काळात निलंगा तालुका बिदर जिल्ह्यातच होता. पुढं राज्यं नव्यानं मांडली गेली तेव्हा तो उस्मानाबादेत आला, आणि आता लातुरात. हणमंतवाडी जागची हलली नव्हती. गुरुपादप्पांच्या डोक्यातला जिल्हाही हलला नव्हता.

"गाव आमचं निलंग्याच्या पुढं हाय, भाऊ. फाट्यावरनं दोन कोस. गाडी त्या फाट्यावरनंच जाती अन् सरळ पुढं जाईल."

चांदपाशाचं तोंड उतरलं. "या अल्ला. मला काय ठावं?"

"पानी पाजलं का त्यास्नी?"

"सोडा फोडून हातात दिला. घेतला न्हाई. पानी दिलं, ते बी न्हाई. मला वाटलं, माझ्या हातचं नको असंल. असतात जुनी मानसं. म्या काय मनाला लावून घेतलं न्हाई."

"तसं न्हाई हो. पूजा व्हायच्या आधी ते माझ्या हातचं बी घेत न्हाईत."

चांदपाशा गाडा तसाच सोडून तिला कंट्रोलरच्या खिडकीशी घेऊन गेला. कंट्रोलरनं निलंग्याला फोन लावला. बिदरची गाडी तिथून सुटलेली. त्यापुढच्या, हद्दीजवळच्या औरादची लाइन लागेना. औरादची गाडी तेवढी उभी होती. शरणम्मा चढणार तोच चांदपाशानं तिला थांबवलं. सोड्याच्या गाड्याखालच्या पिंपात दिवसभराच्या धंद्याचं पाणी होतं. त्यातून त्यानं तेलाचा प्लास्टिकचा डबा गळ्यापर्यंत भरला आणि झाकण पिरगाळून तिच्या हातात दिला.

"तिकडं बी हीच बोंब हाय, भाभी. असू द्या."

डबा मांडीवर घट्ट धरून ती खिडकीशी बसली. औसा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. गाडी प्रत्येक थांब्यावर रेंगाळली की तिचा जीव अर्धा व्हायचा. शेजारच्या बाईचं पोर डब्याकडं बघून पाणी मागू लागलं. शरणम्मानं तोंड खिडकीकडं फिरवलं. असं तिनं जन्मात केलं नव्हतं. पोर रडायला लागलं तेव्हा त्याच्या आईनं "कंजूस हाय मेली" असं तिला ऐकू जाईल इतपत म्हटलं. तिनं डबा पदराखाली घेतला.

निलंग्याला उतरून ती तिथल्या कंट्रोलरकडं पळाली. "हाव, एक म्हातारं खिडकीला डोकं लावून बसलं व्हतं. उतरलं न्हाई हितं." ती परत गाडीत चढली. हणमंतवाडीचा फाटा आला तेव्हा तिनं बाभळीखाली, पुलाच्या कठड्याशी, जिथवर नजर पोचली तिथवर पाहिलं. कुणी नव्हतं.

औरादच्या स्टँडावर गाडी शिरली तर हॉटेलच्या छपराखाली माणसांचं कोंडाळं.

मधे बाकड्यावर गुरुपादप्पा आडवे होते. ओठांना पापुद्रे आलेले. अनवाणी तळव्यांवर फोड. एक जण टॉवेलनं वारा घालत होता. तो नरसिंग, तिथल्या खाजगी दवाखान्यातला कंपाउंडर. शरणम्मा कोण हे कळताच त्यानं भराभरा सांगितलं. फाटा आला तसं म्हातारं उठून खिडकी बडवायला लागलं होतं, माझं गाव आलं म्हणून. कंडक्टरनं समजूत घालून बसवलं, बाबा, बिदर लांब आहे अजून. मग ते शेजाऱ्याच्या अंगावर कलंडलं. पुढं हद्द, पलीकडं कर्नाटक, गावं विरळ. कंडक्टरनं शहाणपणा करून इथं उतरवलं आणि नरसिंगला बोलावणं धाडलं.

"दात घट्ट धरलेत, बाई. चमचा घातला तरी पानी भाईर. डॉक्टर गावाला गेल्यात. सलाइन लावायचं तर निलंग्याला न्यावं लागंल. जीप मागवलीया." त्यानं आवाज खाली आणला. "तवर काय व्हईल सांगता येईना. सकाळधरनं लघवी न्हाई म्हनं. पानी पोटात जाऊन लघवी झाली तर भ्या न्हाई. न झाली तर कठीण."

शरणम्मानं सासऱ्याच्या मानेला हात लावला. कातडी तव्यासारखी, घामाचा टिपूस नाही.

"मामा. मी शरणम्मा."

त्यांनी डोळे किलकिले केले. ओळख नव्हती. ओठ हलले. "स्नान आगिल्ला," ते कानडीत म्हणाले. आंघोळ झाली नाही.

नरसिंगनं डब्याकडं हात केला. "पानी आनलाव नव्हं? तोंड उघडून वतू जबरीनं."

"न्हाई. ठसका लागंल, जीव जाईल." तिनं हॉटेलवाल्याचा तांब्या उचलला. "त्यास्नी उठवून बसवा. सदरा काढा."

"अन्?"

"आंघोळ घालते."

"बाई, तेवढंच पानी हाय!"

"हाय म्हनूनच."

तिनं पहिला तांब्या म्हाताऱ्याच्या टाळूवर ओतला. कोंडाळ्यात गलका झाला. रिकामा हंडा काखेत धरलेली एक म्हातारी पुढं आली.

"आगं ए भवाने! प्यायला द्यायचं सोडून मातीत वततीस व्हय? आमी सकाळधरनं हंडा घिऊन उनात हुबे हाव!"

"पुन्य मिळवाय लागली बया," मागून कुणी म्हणालं. "म्हातारं मरंना का, सोवळं ऱ्हायलं पायजे."

शरणम्मानं मान वर केली नाही. दुसरा तांब्या मानेवर, तिसरा छातीवर, पाठीवर. पाणी बाकड्यावरून खाली गळत होतं आणि जमीन ते तिथल्या तिथं पीत होती. डब्यात तळाला उरलं तेव्हा तिनं हात आवरला. आपण चुकलो असू तर आता दुसरं पाणी नाही, हे तिला कळत होतं.

म्हातारा शहारला. पुन्हा एकदा. खांदे ताठ झाले, डोळे उघडले, आणि उजवा हात आपला आपण गळ्यातल्या डबीकडं गेला.

"जागा द्या जरा," शरणम्मा म्हणाली. लोक मागं सरकले.

बोटं थरथरत होती, पण चुकत नव्हती. डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर आलं. धोतराच्या घडीत विभूतीचा खडा निघाला. कपाळावर तीन आडव्या रेघा ओढायला त्यांना एवढा वेळ लागला की नरसिंग पाय बदलत म्हणाला, "बाई, लवकर उरकायला सांगा की."

"सांगितलं तर पहिल्यापासनं धरतील. गप ऱ्हावा."

तिनं तळहातावर पाण्याची धार धरली. ओठ पुटपुटत राहिले. हंडावाल्या म्हातारीनं हंडा भुईवर ठेवला होता. शेवटी गुरुपादप्पांनी तळहात तोंडाशी नेला आणि तीर्थ घेतलं. घोट गळ्याखाली गेलेला सगळ्यांना दिसला.

मग त्यांनी तांब्यासाठी हात पुढं केला.

नरसिंगनं पळत जाऊन हॉटेलातून साखर-मीठ आणलं. उरलेल्या पाण्यात कालवून शरणम्मानं ते घोट-घोट पाजलं, मधे थांबवत, ओरडा खात. "दे की! हात का आखडतीस?" म्हातारा खेकसला. खेकसण्याइतकी ताकद आलेली पाहून तिनं पुढचा घोट दिला. हॉटेलवाल्यानं माठ पुढं सरकवला. त्यातलंही गेलं.

जीप आली. नरसिंगनं नाडी बघितली, ड्रायव्हरला थोडं थांबायला सांगितलं. सगळे वाट बघत बसले. शरणम्मा तळव्यांवरच्या फोडांना हॉटेलातलं खोबरेल लावत होती आणि पंचाक्षरीला निरोप कसा धाडावा याचा विचार करत होती. सावल्या पूर्वेकडं झुकल्या. म्हातारा बाकड्यावर चुळबुळला.

"काय पायजे, मामा?"

"बाजूला जायचंय."

तिनं आधी त्यांना बसतं ठेवलं, भोवळ नाही हे पाहिलं, मग दंडाला धरून स्टँडच्या भिंतीमागं नेलं. पाठ करून उभी राहिली आणि कान दिले. भिंतीच्या टोकाशी नरसिंग भुवया उंचावून विचारत होता. तिनं मान डोलावली. त्यानं हात हलवून जीप परत पाठवली.

सासऱ्याला बाकड्यावर आणून बसवल्यावर ती तिथंच भुईवर बसली.

"भाऊ, वाईच पानी असलं तर मला बी द्या."

हॉटेलवाल्यानं तांब्या दिला. गुरुपादप्पा तिच्याकडं रोखून बघत होते.

"आंघोळ झाली का तुझी?"

"झाली," शरणम्मानं सांगितलं आणि तांब्या तोंडाला लावला.