वाक्यातलं तांबं
सराफ गल्लीत तेजाबाचा वास आला की मला विट्यातली इंग्रजीची शिकवणी आठवते. वडील परगावी गलाईवाले, सोनं वितळवून तेजाबानं त्यातलं तांबं वेगळं काढणारे. सुट्टीला आले, तेव्हा मी सांगितलं की शिकवणीचे सर म्हणतात, इंग्रजी प्रश्नातल्या 'डू'ला अर्थच नसतो. ते तडक सरांकडे गेले. "अर्थ न्हाई, तर घालता कशाला?" सर म्हणाले, "तो संस्कृतातल्या 'धा'चा भाऊबंद. मुळात अर्थ ठेवणं, करणं. प्रश्नात मात्र नुसता आधाराला, दागिन्यात तांबं घालतात तसा." वडिलांचे डोळे बारीक झाले. "तांबं घालणाऱ्याम्होरनं गिऱ्हाईक उठत नसतंय, किती घालतोय ते बघत बसतंय," म्हणत ते मागच्या बाकावर बसले, ते सुट्टी संपेपर्यंत रोज. आता मीच इंग्रजी शिकवते. 'डू'ला अर्थ नसतो हे सांगताना अजून मागच्या बाकाकडे बघायचं टाळते.