गाठी काढा, पिशवी ठेवा

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोन महिने पाळी चुकली, पोट दिसू लागलं, आणि सासूबाईंनी नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या बायका बोलावून माझी चोरओटी भरली. पुढच्याच आठवड्यात रक्त जाऊ लागलं. पडलं, असं सगळ्यांनी धरलं. पण पोट काही उतरेना. जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मूल नव्हतंच. गर्भाच्या पिशवीला गाठी होत्या. साध्याच, पण अंगातलं रक्त संपवणाऱ्या.

ओटी भरणाऱ्यांपैकी एकही बाई दवाखान्यात आली नाही. सासूबाई डबा दारातूनच देत. आजूबाजूच्या खाटांवर बाळंतिणी होत्या. मी तिकडं पाहिलं की त्यांच्या आया बाळाच्या तोंडावर पदर ओढत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सबाई रजामंदीचा, म्हणजे संमतीचा, कागद उशाशी विसरून गेल्या. खाली यजमानांची सही होती. ते कचेरीत कारकून. सकाळी घाईनं येऊन गेले होते. कागद उर्दूत होता; तेव्हा निजामाचा अंमल होता. माझे वडील निरक्षर, तरी त्यांनी मला लातुरात शाळेत घातलं. तिथं उर्दू सक्तीची होती आणि मी तिच्यासाठी रडत असे. पुढं मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पण त्या शाळेचे खरे उपकार मला त्या खाटेवर कळले. ‘रहम काढण्यास हरकत नाही,’ असं लिहिलं होतं. रहम म्हणजे गर्भाची पिशवी.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या.

“बाई, गाठी तेवढ्या काढा. पिशवी ठेवा.”

“पढना आता तेरे कू?” त्या हैदराबादच्या. मग मराठीत म्हणाल्या, “करता येतं तसं. पण रक्त लई जाईल. गाठी पुन्हा होऊ शकतात. रक्त थांबलं नाही, तर पिशवी काढावीच लागेल मला.”

“तसंच लिहा.”

त्यांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली. खाली मी सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा त्याच वाकून पाहत होत्या. “चार निघाल्या. पिशवी जागेवर आहे.”

हे सांगायला जवळ कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी दाराकडं बघत पडून राहिले.

कचेरी सुटल्यावर यजमान आले. पिशवी ठेवल्याचं आणि कागदावरची ओळ बदलल्याचं मी सांगितलं. ते स्टुलावर बसले.

“मी तर सही केली होती.”

“वाचून?”

“हाव. तुझा जीव वाचावा म्हणून.”

मला एकदा विचारायचं होतंत, एवढं मनात आलं.