वहिनींनी राखून ठेवलेला शब्द

दादाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ दाखवत होतो. नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावाआधी माझ्या हातून 'कै.' पडलं होतं आणि ते आजोबा स्वतः समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांची समजूत काढत काढत मी फोन कानाला लावला. दादा म्हणाला, "अरे, ती गेली." मी विचारलं, "कुठं?" कारण वहिनी सदा कुठंतरी गेलेल्याच असायच्या... आज माढा, उद्या सांगोला, परवा कुठल्या वस्तीवरची शाळा. दादानं तेच पुन्हा म्हटलं, तेव्हा मला कळलं. दवाखान्यात जायला निघाल्या, जिन्याच्या पायरीवर जरा टेकल्या आणि तिथून उठल्याच नाहीत. हृदयविकाराचा झटका. मी फोन खाली ठेवला. आजोबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि त्या 'कै.'बद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही.

आता दीड-दोन महिने झाले. सोलापुरात त्यांना मेंदूच्या डॉक्टर सुनंदाताई म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या संशोधनाबद्दल जाणकार लिहितीलच. मी त्यांचा धाकटा दीर. बारावीच्या परीक्षेला दोनदा बसलो आणि मग वडिलांच्या नव्या पेठेतल्या छापखान्यात कायमचा उभा राहिलो. आमची ओळखच मुळी छपाईच्या चुकीपासून सुरू झाली. दादाच्या लग्नाची पत्रिका मी हौसेनं छापली आणि वहिनींचं 'डॉ.' उचलून दादाच्या नावामागं लावलं. दादा वीज खात्यात इंजिनिअर. पत्रिका वाटून झाल्यावर नातेवाईक त्याला गुडघ्याचं दुखणं सांगायला लागले. नवी नवरी आता काय म्हणेल म्हणून मी दोन दिवस समोर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी त्याच मला शोधत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, असू दे. गुडघे त्यांच्याकडं, डोकी माझ्याकडं. काम वाटून घेतलं की संसार नीट होतो."

डोक्यांचं काम त्यांनी खरंच नीट केलं. मुंबईत शिकल्या, तिथंच राहण्याचे आग्रह झाले, पण परत आल्या आणि डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढायचं मशीन आणलं. दादा एकदम खूश झाला, कारण घरात पहिल्यांदाच त्याच्या खात्यातलं काही आलं होतं. अडचण आली ती तेलाची. वायरी चिकटायच्या तर केस कोरडे हवेत आणि आपल्याकडं मोठ्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे माणूस अंघोळ करून, चापूनचोपून तेल लावूनच निघतो. मशीनवर बसणारे इक्बालभाई रोज सकाळी दारातूनच ओरडायचे, "मॅडम, आज बी तेलच तेल है." मग वहिनींनी माझ्याकडून चिठ्ठ्या छापून घेतल्या. 'डोक्याला तेल लावून येऊ नये.' माझा हात सवयीनं गेला आणि चिठ्ठीला मी कलश आणि केळीच्या खुंटांची किनार लावून दिली. लोकांनी ती देवघरात ठेवली आणि तेल लावून आले. शेवटी दवाखान्याच्या मागं नळाखाली शिकेकाईचा डबा आणि टॉवेल कायमचे ठेवले गेले. कितीतरी डोकी वहिनींनी स्वतः धुतली.

असंच एक डोकं मंगळवेढ्याकडच्या एका गावातल्या सारिकाचं. तेव्हा तिसरीत असेल. सोबत आजी. वहिनी केस धुवायला लागल्या तेव्हा आजी जरा घुश्शातच म्हणाली, "आवं, बिगर त्यालाचं डोस्कं घिऊन पोरीला कसं आणायचं? सुतकातली वाटंल की." पोरीचं दुखणं काय, तर मधेच थांबायची. बोलता बोलता थांबायची, घास हातात तसाच राहायचा, डोळे उघडे आणि नजर कुठंच नाही. हाक मारली तरी ओ नाही. थोड्या वेळानं पुन्हा सुरू, मधे काही झालंच नाही अशा थाटात. दिवसातून कितीतरी वेळा. शाळेनं तिला मंद ठरवून टाकलं होतं, आणि बाप म्हणत होता, शाळेत बसून नुसती बघत बसती, त्यापेक्षा घरी शेरडांमागं तरी जाईल.

वहिनींना ऐकूनच अंदाज आला होता. या फिटमध्ये मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, त्यामुळं ती फिट आहे हेच कुणाला कळत नाही. पण मशीनवर ती पकडली गेली पाहिजे, तर बापाला ठामपणे सांगता येणार. मुलानं जोरजोरात श्वास घेतला-सोडला की ती बरेचदा येते. आणि सारिका काही केल्या श्वास सोडेना. डोक्याला एवढ्या वायरी, समोर इक्बालभाईंची दाढी... ती लाजून आजीच्या पदरात तोंड घालायची. तेव्हा माझ्या दुकानात फोन आला. "भाऊजी, भिरभिरं करता येतं का?" मला आयुष्यात विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला पुस्तक न उघडता येत होतं. उरलेल्या पत्रिकेचा जाड कागद, एक टाचणी, खराट्याची काडी. पळत पळत नेऊन दिलं. सारिकानं भिरभिरं हातात घेतलं, बघितलं, आणि दोन्ही हात जोडून डोळे मिटले. पत्रिकेवरचा गणपती मी भिरभिऱ्याच्या ऐन मध्यावर आणला होता. आजीनंही हात जोडले आणि म्हणाली, "द्येवाला फुकायचं न्हाय, बाळा." इक्बालभाई तोंड फिरवून हसायला लागले. वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, विज्ञानाला जरा मदत करा. दुसरं आणा."

दुसरं आणलं ते पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्याचं. सारिकानं पात्यावरची ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचली, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं." वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, की मंद म्हणतात ती हीच का? मग सारिका फुंकायला लागली. भिरभिरं गरगर फिरत होतं. वहिनी "अजून, अजून" म्हणत होत्या. मी दाराशी उभा होतो, जायला हवं होतं पण पाय निघेना. आणि मग ते हळू झालं... थांबलं. काडी हातात तशीच, डोळे उघडे, आत कुणी नाही. पडद्यावर इतका वेळ गवतासारख्या हलणाऱ्या रेघा एकदम उठल्या आणि एका मापाचे, एकामागं एक, डोंगर धावायला लागले. वहिनी तिच्या कानाशी वाकल्या आणि एक शब्द म्हणाल्या. स्पष्ट, मोठ्यानं. डोंगर खाली बसले. सारिकानं पापणी हलवली आणि जिथून थांबली होती तिथून पुन्हा फुंकायला लागली.

"मी आत्ता काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"कदी?" सारिका म्हणाली.

आजी रडायला लागली. वहिनी तिला म्हणाल्या, "आजी, तुमच्या गावात लाइट जाते का?" "रोज जाती की." "तेव्हा घर मोडतं का?" "न्हाय." "हिचं तसंच आहे. घर पक्कं आहे, लाइट जाते-येते. त्यावर गोळ्या आहेत." आणि दुसऱ्या खेपेला बापाला बोलावून, त्याच पडद्यासमोर बसवून, हेच सांगितलं. त्या आवाजात कधी 'बहुधा' नसायचा, पण जिथं माहीत नसायचं तिथं 'माहीत नाही' म्हणायलाही त्या तितक्याच ठाम असायच्या. सारिका शाळेत परत गेली.

त्या शब्दाची खरी गंमत पुढंच आहे. सारिका दर खेपेला आली की पहिला प्रश्न हाच. "मॅडम, तवा तुमी काय म्हणला होता?" आजीला विचारून झालं होतं, आजी म्हणायची, "म्या कुटं ऐकलं, म्या तुज्या तोंडाकडं बगत हुते." वहिनी म्हणायच्या, "गोळ्या एकही दिवस चुकवू नकोस, बंद झाल्या की सांगेन." वयाबरोबर ते दुखणं गेलं, गोळ्या बंद झाल्या. तेव्हा म्हणाल्या, "आता दहावी झाली की." दहावीला, "बारावी झाली की." बारावीनंतरही तेच, पुढचं काहीतरी. मी एकदा म्हटलं, "वहिनी, सांगून टाका की पोरीला. साधा शब्द तो." त्या म्हणाल्या, "भाऊजी, साधा आहे म्हणूनच सांगत नाही. कळला की ती म्हणेल, एवढंच? तुम्ही पण सांगायचा नाही. तुमच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मुद्दाम बजावते." पोटाबद्दलचं त्यांचं निदान बरोबर होतं. घरातल्या प्रत्येक ठरलेल्या लग्नाची बातमी पत्रिकेआधी मीच फोडलेली आहे.

सारिकानंतर वहिनींच्या डोक्यात एकच बसलं, की वर्गावर्गात अशी किती मुलं नुसती 'बघत बसलेली' असतील. भिरभिऱ्याची युक्ती त्यांची नव्हे, डॉक्टर लोक ती वापरतातच, हे त्या प्रत्येकाला सांगायच्या. त्यांना शोधायचं होतं ते हे, की शिक्षकांनी लक्ष ठेवलं आणि शाळेच्या व्हरांड्यात भिरभिरं फुंकून घेतलं, तर मशीनपर्यंत कुणाला आणायचं ते आधीच कळेल का. मी गाडी चालवायचो आणि भिरभिरी पुरवायचो. दम्याची, हृदयविकाराची मुलं वहिनी आधी बाजूला काढायच्या, आणि फुंकताना स्वतः शेजारी बसायच्या. सांगोल्याकडच्या एका हेडमास्तरांनी विचारलं, "मॅडम, गणिताच्या तासाला माझा निम्मा वर्ग असाच बसतोय. सगळ्यांला फुकाय लावता का?" वहिनी म्हणाल्या, "सर, हाक मारल्यावर दचकतं ते तुमचं गणित. हाक ऐकूच येत नाही ते माझं." पुढं त्याच हेडमास्तरांनी स्वतःच्या गाडीवरून दोन मुलं आणून सोडली. काही मुलं सापडली, काही भिरभिऱ्याला चकवून गेली आणि मशीनवरच कळली. वहिनींनी दोन्ही लिहिलं. तो लेख तपासणाऱ्या कुणा परदेशी तज्ज्ञानं विचारलं, भिरभिऱ्याचं माप काय, कागद किती जाड, किती फुंकीला फिरतं? झालं. माझ्या मागं प्रमाणित भिरभिऱ्याचं काम लागलं. वहिनी दुकानात येऊन एकेक फुंकून बघायच्या आणि टोपलीत टाकायच्या. "हे आळशी आहे. तुमच्यावर गेलंय." माझ्या बायकोला इतक्या वर्षांत मला मापात आणता आलं नाही, ते वहिनींनी माझ्या भिरभिऱ्यांना आणलं. लेख छापून आला, शेवटी आभारात माझं नाव, आणि त्यामागं छापणाऱ्यांनी चुकून 'डॉ.' लावलेलं. वहिनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "फिटली तुमची पत्रिका," म्हणाल्या.

त्या गेल्यावर घरात सगळ्यांची डोकी कोरडी होती. सुतकात तेल लावत नाहीत. भेटायला आलेले इक्बालभाई आम्हा ओळीनं बसलेल्या लोकांकडं बघत राहिले आणि मला म्हणाले, "देखो, आज सब तैयार हैं... और मॅडम नहीं." त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. हसू आलं आणि मागोमाग ते आलं.

तेराव्यानंतर सारिका आली, वडिलांना घेऊन. आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजी मागंच गेली. आम्ही वहिनींच्या खोलीत बसलो. टेबलावर पेनांच्या ग्लासात सारिकानं फुंकलेलं ते पहिलं भिरभिरं अजून आहे, कागद पिवळा पडलाय. सारिकानं ते काढून घेतलं. "काका, त्या काकांचं लगीन झालं का वो?" मी म्हटलं, "झालं. त्यांच्या पोराच्या बारशाची पत्रिका पण मीच छापली." ती हसली. तेवढ्यात वडील म्हणाले, "आता आमची पण तुमच्याकडंच छापायची हाय. स्थळ आलंय हिला. चांगलं हाय. म्हटलं, शिकली तेवढी बास. मॅडम होत्या तवर ठीक होतं."

सारिका भिरभिऱ्याकडं बघत होती. नजर जागेवर होती, चांगली जागेवर. म्हणाली, "काका, तुमाला म्हाईत हाय की तो शब्द. आता मॅडम न्हाईत. आता तरी सांगा." मला कळलं, सांगितला की ती उठणार, कॉलेज सुटणार आणि पत्रिका छापायला येणार. शब्द जिभेवर होता. माझ्या जिभेवर काही आलं आणि ते परत आत गेलं, असं पूर्वी कधी झालेलं नाही.

"निकाल घेऊन दुकानात ये," मी म्हटलं. "शेवटच्या वर्षाचा. मग सांगतो." वडिलांना म्हटलं, "पत्रिका छापतो की. पण मुलीच्या नावापुढं पदवी नसेल तर आमच्या दुकानात पत्रिका घेत नाहीत. नियम आहे."

"कदीपास्नं?"

"आत्तापास्नं."

वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मॅडमनी सांगितलं असतं, तर ऐकलंच असतं की मी."

"मग त्यांनीच सांगितलं समजा. त्या जागेवर मी नुसता बसलोय."

त्यांनी मान हलवली. स्थळाकडच्यांना थांबायला सांगतो म्हणाले, थांबले तर थांबले. सारिका डोळे पुसत म्हणाली, "तुमी पण मॅडमसारकंच बोलायलाव की." इतक्या वर्षांत इतकं मोठं प्रमाणपत्र मला कुणी दिलेलं नाही, 'डॉ.' धरून.

सांगोल्याच्या पुढच्या शाळेसाठी भिरभिरी कापून तयार आहेत. वहिनींच्या हाताखालच्या डॉक्टर जाणार आहेत, गाडी मीच चालवणार. पहिलं भिरभिरं जिथल्या तिथं पेनांच्या ग्लासात आहे. दादा हल्ली त्या खोलीतला पंखा बंद करत नाही. वीज खात्यातला माणूस, आयुष्यभर आमच्या मागून दिवे मालवत फिरला... पण या पंख्याला हात लावत नाही. भिरभिरं फिरत असतं.

तो शब्द मी इथं लिहिलेला नाही, कारण सारिका ही पुरवणी वाचते. लेख पाठवण्याआधी तीन-तीनदा वाचून काढला. चुका काय, त्या राहिल्याच असतील. तो शब्द कुठं चुकून पडला नाही ना, तेवढं बघत होतो.