वच्छलाच्या आवारातली मरी

हुडकेश्वर तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं. तिथे नाल्याकाठच्या आवारात वच्छलाची बावीस डुकरं होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच त्यांचं करायची. धंतोलीतल्या खानावळींमागून उष्ट्याचे डबे भरून आणायची आणि ते उकळूनच डुकरांच्या डोणीत ओतायची. कोणी नाक मुरडलं की म्हणायची, "माह्या डुकरांले मी रोज धुते. तुमी कधी न्हाले ते सांगा!"

अडुसष्टच्या थंडीत तिचा दीर चंपत उमरेडकडून रानडुक्कर मारून आला. मांस दोस्तांत वाटलं आणि आतडी, कातड्याचे तुकडे तसेच कच्चे वच्छलाच्या डोणीत ओतले. ती बाजारातून परतली तोवर डुकरांनी डोण चाटून साफ केली होती.

आठवड्याने एक डुकरीण खायला उठेना. मग दुसरी. डोळे पिवाने चिकटले, कानांवर, पोटावर जांभळे डाग उमटले, मागचे पाय लटपटायला लागले. पिल्लं एकमेकांवर ढीग करून कुडकुडत पडली. हगवणीने सारं आवार निसरडं झालं. जन्म डुकरांत गेलेल्या वच्छलाला त्या वासाने भडभडून ओकारी आली.

ढोरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर गोपाळराव सायकलवर आले. काय खाऊ घातलं ते त्यांनी विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"रानडुकरातून आला बाई हा ताप. माणसाले होत नाही, पण डुकरांत पसरला की आवरत नाही. यावर औषध नाही, लस आधीच टोचा लागते. मेलेलं खोल पुरा, वर चुना टाका. नाल्यात एकही फेकू नका."

ते गेले आणि चंपत दोन माणसं, सुरे घेऊन हजर झाला. एका डुकराचा जांभळा कान त्याने बोटांनी चिवडला, हात धोतराला पुसला आणि त्याच हाताने खिशातलं भजं काढून तोंडात टाकलं.

"वयनी, जिते हायेत तवर कापून टाकू. बर्डीवरच्या हॉटेलात मटन म्हणून खपते."

वच्छला त्याच्या आणि डुकरांच्या मधे आली. "या पिवाचं मटन लोकाच्या ताटात वाढतं का तू?"

"काहून चिडून राहिल्या? वाटेत भेटला कंपाउंडर, माणसाले काही होत नाही म्हणते."

"अन् ताटातलं उष्टं कुठी जाते गा? कोण्या डुकराच्याच डोणीत ना?"

त्याने सुरेवाल्यांना पुढे व्हायची खूण केली. तिने झोपडीतून रॉकेलचा डबा आणला आणि तोवर मेलेल्या डुकरांवर ओतला, ते मांस कोणी विकू नये म्हणून. मग फावडं हातात घेऊन जित्यांसमोर उभी राहिली. सुरेवाले एकमेकांकडे बघून निघून गेले. चंपत शिव्या देत त्यांच्या मागे गेला.

चार दिवस ती खड्डे खणत होती. नाकाला पदर बांधला तरी सडका वास जेवणाच्या घासात यायचा. मधल्या वेळात नाल्याकाठच्या प्रत्येक डुकरंवाल्याच्या दारी जाऊन तिने सांगितलं, "माह्याकडे मरी लागली. लस टोचून घ्या." काहींनी तिला हाकललं. बाकीच्यांची डुकरं गोपाळरावांनी टोचली, आणि त्यातली बहुतेक तगली. तिच्या बाविसांतली तीन उरली.

पुढे चंपतच्या लग्नात तिला पंगतीत बसवलं. तो स्वतः वाढायला आला. त्याची तीच बोटं भातावर आलेली दिसली तशी ती पानावरून उठली, मांडवामागे जाऊन ओकली आणि कोणाला न सांगता पायी घरी आली.