वायरमन साडूंची वेबसाइट

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत मिळून माझ्या साडूंइतका सावध माणूस नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. वायरमन म्हणून त्यांनी उभी हयात खांबांवर काढली आणि एकदाही झटका खाल्ला नाही. निवृत्त होऊन पोशेऱ्याला घरी बसले, पण मनाने अजून खांबावरून उतरलेले नाहीत. मिक्सरला हात लावायचा तर आधी हाताची मागची बाजू टेकवून बघतात. टीव्ही लावायलासुद्धा पायात रबरी चपला लागतात. माझी मेव्हणी एकदा म्हणाली, "देवासमोरच्या समईला तरी टेस्टर लावू नका." तर म्हणाले, "समईवर माझा भरवसा आहे. शेजारच्या झिरोच्या बल्बवर नाही."

अशा माणसाने वेबसाइट करायला घेतली ती शेजारच्या जनीसाठी. जनी आणि मेव्हणी एकाच बचत गटात, नाचणीचे पापड करतात. भाताची कापणी झाली की जनी नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला जाते, म्हणजे पावसाळ्यापर्यंत मजुरीला. पापडाला बाहेरची गिऱ्हाइकं मिळाली तर यंदा ती थांबेल, हे साडूंनी मनावर घेतलं. नवशिक्यांसाठीचे हिंदी व्हिडिओ ते समोर माणूस बसल्यासारखे बघत. आतला मुलगा "दोस्तों, सबसे पहले" म्हणाला की हे हात वर करून म्हणायचे, "थांब रे भाऊ, चष्मा लावू दे." फुकटात वेबसाइट करून देणारी एक जागा सापडली. तिथे तयार साचे होते. खाण्यापिण्याचा म्हणून त्यांनी एका कॅफेचा साचा निवडला. त्यात मोठा कॉफीचा कप, केकचा तुकडा आणि 'टेबल राखून ठेवा' असं बटण. गटाचं नाव, गाव आणि फोन नंबर एवढं मी शेजारी बसून भरून दिलं, पान सगळ्यांना खुलं केलं आणि जव्हारला परतलो. उरलेलं ते करणार होते.

त्यांनी केलंही. रोज लॅपटॉप उघडायचे, आणि कामाला हात घालण्यापूर्वी नेट बंद करायचे. "चालू लाइनवर काम करायचं नाही," हा आयुष्यभराचा नेम. लाल अक्षरांत सूचना यायची, ती मिटवायचे. पान कधी बंद करायचे नाहीत, लॅपटॉपचं झाकण तेवढं लावायचे. कप काढला, केक काढला, बटण काढलं, पापड लाटणाऱ्या जनीचा फोटो घातला. त्यांच्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसत होतं.

एका रविवारी आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, तेवढ्यात दारात गाडी थांबली. नाशिकचं कुटुंब. गृहस्थ म्हणाले, "कॅफे हाच ना? चार जणांचं टेबल सांगितलं होतं."

"कसलं टेबल?" साडूंनी पाहुण्यांच्या फोनमध्ये डोकावलं. तिथे कॉफीचा कप तसाच वाफाळत होता. घाईने आपला लॅपटॉप उघडला, तर तिथे जनी पापड लाटत होती.

मी म्हटलं, "साडूभाऊ, नेट बंद ठेवून केलेलं काम या लॅपटॉपच्या बाहेर गेलेलंच नाही."

ते दोन्ही पडदे आळीपाळीने बघत म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस मेलेल्या लाइनवर काम करत होतो?"

गडबड ऐकून जनी आली. "दादा, लाइन मागून तपासा. पावणे उन्हात उभे आहेत, त्यांना बसवा आधी!"

पाहुणे ओटीवर बसले. भाकरी, उडदाची आमटी आणि तळलेले पापड झाले. पाहुण्या बाईंनी हसत विचारलं, "आणि केक?" जनी पापड पुढे करत म्हणाली, "हाच आमचा केक. मोडून बघा, कसा वाजतो!" जाताना त्यांनी पिशवीभर पापड नेले. त्या दिवशी साडूंनी प्रथमच नेट चालू ठेवून पान बदललं. कपाळ पुसत म्हणाले, "खांबावर एवढा घाम कधी आला नाही."

नाशिकहून मागणी येऊ लागली. कापणी उरकली तेव्हा जनीने मला गाठलं. "भाऊ, तुम्हाला हिशेब कळतो. थांबू का?" मी खरं तेच सांगितलं. सगळ्या बायांत वाटणी होऊन तिच्या वाट्याला येईल त्यात दीडेक महिना निघेल, पावसाळ्यापर्यंत नाही. तिने मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात भट्टीवाल्याचा ट्रक आला आणि जनी गेली.

पुढे मी गेलो तेव्हा पानावर नवी ओळ होती : 'पापड सध्या बंद.' मी म्हटलं, "बाकीच्या बाया आहेत ना लाटायला?"

"आहेत. पण फोटो जनीचा आहे. बाई भट्टीवर आणि पापड दुसरीचा, हे माझ्याच्याने होणार नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोणी गिऱ्हाईक असावं. साडू ओटीच्या कडेला जाऊन बोलू लागले, "नाही हो, आजारी नाही. कामाला गेलीय. पावसाच्या तोंडावर येईल." पलीकडच्याने फोन ठेवला असावा. हे तसेच रस्त्याकडे बघत उभे राहिले, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, कोणालाच नव्हे असे, म्हणाले, "येईल."