महाबळेश्वर ते जत: पाच बाटल्या पाऊस

दिवाळी संपली की लोक फराळाचे डबे रिकामे करतात, मी बाटल्या आणायला निघते. पावसाच्या! मी भू-रसायनशास्त्राची संशोधक. समुद्राकडून आलेला पाऊस कोरड्या जतपर्यंत पोचताना कसा बदलतो, हे तीन वर्षं शोधतेय. पाण्यातल्या ऑक्सिजनचे जड आणि हलके प्रकार असतात, त्यांना आयसोटोप म्हणतात. ज्याचं ओझं जड तो आधी खाली टेकतो. पुढे जाणाऱ्या ढगात हलकं पाणी जास्त उरतं. यंदाचं शेवटचं वर्ष. पावसाळ्याचे पाचही महिने नीट मिळाले की काम संपलं.

महाबळेश्वरला हॉटेलवाल्या इकबालभाईंच्या गच्चीवर पाऊस बाटलीत गोळा करणारं माझं नरसाळं आहे. "बाटली कसली देताय म्याडम, टाकी द्या!" म्हणत त्यांनी चहा पाजला.

मेढ्यामार्गे साताऱ्याला उतरा, धुकं असेल तर घाई नको. इस्लामपूरला मिसळ खा, शंभराच्या आत पोट भरतं. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत पलूस, मग तासगाव. कवठेमहांकाळनंतर ऊस संपून बाभळी सुरू होतात. जतजवळच्या वस्तीवर शेवटचा रस्ता कच्चा, मी चालतच गेले.

तिथलं नरसाळं यंदापासून तानाबाई मावशी सांभाळतात. मुलगा मेंढरं घेऊन फिरतीवर असतो. जून ते ऑक्टोबर, महिन्याला एक बाटली. पाचही काठोकाठ! मी खूश.

"जुलैत बरा झाला म्हणायचा पाऊस?"

"कुटला? थेंब न्हाई. ढग नुस्तं पळत व्हतं."

"मग ही जुलैची बाटली?"

"इहिरीचं पाणी हाय. अगं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत्यात व्हय?"

मी एकेक बाटली पुढे करून विचारत गेले. ऑगस्ट, ऑक्टोबरही विहिरीचेच. जूनची अर्धी होती, तीही वरून भरलेली. निखळ पाऊस एकट्या सप्टेंबरचा. मी चिडले, आणि लगेच लाज वाटली. झाकण घट्ट लावा, सावलीत ठेवा, सगळं सांगितलं होतं मी. पाऊसच नाही पडला तर काय करायचं, हे कधी सांगितलंच नव्हतं.

मावशींचा चेहरा उतरला. "चुकलं का गं माजं?"

"नाही मावशी, माझं चुकलं. पाऊस पडला नाही, हेसुद्धा मला लिहून न्यायचं असतं."

"म्हंजी रिकामी बाटली बी तुज्या कामाची?" त्यांना हसूच आलं. निघताना त्यांनी शेंगांनी भरलेला स्टीलचा डबा हातात ठेवला.

आता घरी आहे. जतच्या रकान्यात यंदा एकच आकडा, त्यामुळे मार्गदर्शकांकडे आणखी एक पावसाळा मागितलाय. जुलैची बाटली ओतून पुसली आणि तिच्यावर 'पाऊस नाही' अशी चिठ्ठी लावली. पुढच्या खेपेला रिकाम्या बाटल्या तशाच द्यायचं मावशींनी कबूल केलंय. शेंगा संपल्या. त्यांचा डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय, आणि तो रिकामा परत न्यायची माझी काही हिंमत नाही.