माळ्यावरची गोळी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात आलेल्या बाईला "नाटकं बंद कर वो" असं तोंडावर म्हणणारी मी. वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... पण तुला भास झाला असं शिकवायला येऊ नका.

मी सानगडीची, तालुका साकोली. किराणा दुकान आणि थोडी धानाची शेती. आमवातासाठी कितीतरी वर्षं स्टेरॉईडची गोळी चालू होती. यंदा नागपूरला उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी एकदम बंद करायची नाही. पण घरी आल्यावर वाटलं, गुडघाच नवा बसवला, तर जुन्या गुडघ्याची गोळी कायले? त्यात तोंड सुजतं ते वेगळंच. सुनेला म्हटलं, ते नवं पाकीट माळ्यावर टाक. ती नाही नाही म्हणत होती, पण मी ऐकते कुठे! शेवटी शिडी लावून तिनं ते वरच्या डब्यात ठेवलं.

मग अंगातली ताकदच जात चालली. मी आपली म्हणायची, ऑपरेशनचा अशक्तपणा आहे. धानाच्या रोवणीचे दिवस, सगळे शेतावर बांधीत, भर दुपारी घरात मी एकटी. आधी उलट्या झाल्या, मग डोळ्यांपुढे अंधारी. फोन उशाशी होता, पण हात उचलवेना. आपण आता मरतो, हे स्पष्ट कळत होतं. फार भीती वाटली हो.

तेवढ्यात दारातून माझी थोरली जाऊ आत आली. तिला वारून बरीच वर्षं झालीत. लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांना चिखल – रोवणीतूनच उठून आलेली. तिनं माझं डोकं उचललं, तोंडात गोळी घातली, वरून मीठ-साखरेचं पाणी पाजलं. जिवंतपणी बोलायची त्याच करवादलेल्या आवाजात म्हणाली,

"मरून राहिली ना वो... काहून बंद केली गोळी?"

थोड्या वेळानं हात चालला. सुनेला फोन लावला. साकोलीच्या दवाखान्यात इंजेक्शन, सलाईन झालं आणि वाचले.

तिथले डॉक्टर म्हणाले, स्टेरॉईडनं कधीकधी भास होतात. मी म्हटलं, "साहेब, ते तर मी बंद केलं होतं." मग म्हणाले, बीपी पडल्यावरही होतात. होत असतील. पण ते माळ्यावरचं पाकीट माझ्या उशाशी पडलं होतं – त्यातली एक गोळी काढलेली. शिडी गोठ्यात होती. मी वॉकरशिवाय संडासापर्यंतही जात नव्हते. सून शपथ घेऊन सांगते, तिनं काढलं नाही.

पोरगा म्हणतो, आई, कोणाले सांगू नोको, लोक हसतील. हसू दे. कारण मला सापडलेलं नाही, आणि तुम्हालाही सापडेल असं वाटत नाही. गोळी आता डॉक्टर सांगतील तशीच घेते. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घराकडे कोणी फिरकणार नव्हतं. तो भास असेल, तर त्या भासाच्या हातचं पाणी पिऊन मी आज जिवंत आहे.